पुढचे दात, मागचे दात

मी एक जुना क्राउन-पिनियनचा जोड आहे. हे नाव तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुम्ही मला शाळेची घंटा म्हणता. व्हरांड्याच्या वाशाला टांगलेलं ते मोठं दातेरी कडं म्हणजे क्राउन, आणि शिपाईकाका ज्यानं ते ठोकतात तो आखूड दांडा म्हणजे पिनियन. दोघं मिळून मी एकच. म्हणजे दर तासाला मी मलाच मारतो आणि तुम्ही आनंदानं दप्तरं उचलता. चालायचंच. त्या दांड्याच्या टोकाला दोन दात नाहीत, हे तुमच्यातल्या आगाऊ मुलांनी बोट घालून कधीच पाहिलेलं आहे. ते दात कुठे गेले ते आज सांगतो. भिऊ नका. जे घडलं ते सगळं उन्हात घडलं. भिववतं ते तेवढंच.

मित्रांनो, माझा जन्म भट्टीत झाला. लालभडक पोलाद ठोकून, कापून माझे दात काढले. पिनियनला नऊ, क्राउनला एक्केचाळीस. मग दोघांना एकमेकांवर घासलं आणि अंगावर एकच आकडा कोरला, म्हणजे हा जोड कधी फोडायचा नाही. फोडून दुसऱ्याशी जुंपलं तर आम्ही किंचाळतो. मग माझी रवानगी झाली एका पिकअपच्या पोटात. ही पिकअप चारही चाकांनी ओढणारी होती, म्हणून तिच्या पुढच्या चाकांमध्ये मी आणि मागच्या चाकांमध्ये माझा जुळा भाऊ. त्याचेही दात नऊ आणि एक्केचाळीस. आमच्यावर लोखंडी झाकण बसलं, आत तेल ओतलं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं मी उजेड पाहिला नाही.

आता नऊ आणि एक्केचाळीस म्हणजे काय? इंजिनाचा दांडा साडेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. चाक हळू, पण जोर दांडगा. तुमच्या दादाच्या गियरच्या सायकलवर चढावाला जो गियर टाकतात, तसं समजा. आकडे बदलून दहा आणि सदतीस केले, तर दांड्याच्या पावणेचार फेऱ्यांतच चाक फिरतं. गाडी वाऱ्यासारखी पळते, पण जोर जातो. ताकद आणि वेग एका ताटात वाढून येत नाहीत. एक वाढला की दुसरा कमी होतो. माणसांना हा हिशेब तोंडपाठ असतो, फक्त स्वतःच्या घरात तो लागू नाही असं त्यांना वाटतं.

आमचं घर शिरोड्याचं. मालक गुरुप्रसाद. किनाऱ्यावर लागलेल्या होड्या चाकांच्या सांगाड्यावर चढवायच्या, पिकअपला जोडायच्या आणि रेतीतून वर, माडांपर्यंत ओढून आणायच्या, हा त्याचा धंदा. पूर्वी या कामाला वीस माणसं ताल धरून लागत. आता आम्ही दोघे भाऊ लागत होतो. गुरुप्रसादची बायको सुगंधा सावंतवाडीला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं सकाळपासून बाकावर बसलेली असत, आणि एसटी तिला कधी वेळेत पोचवत नसे. म्हणून रोज सकाळी गुरुप्रसाद तिला पिकअपमधून सोडी, येताना मासळीसाठी बर्फ भरून आणी, आणि दुपारनंतर होड्या ओढी. घरात गाडी एक, कामं दोन. तिचं काम सुटलं तर घर अर्धं, त्याचं सुटलं तरी अर्धंच. हे ओझं मी कुणी न सांगता ओळखलं होतं, कारण मला डोळे नाहीत, मला फक्त वजन कळतं. आवाज कळतो. बाकी मी आंधळा; दिसण्याचं जे सांगतो ते मागाहून कानावर आलेलं.

वजनात मात्र मी पक्का. सुगंधा बसली की मला कळे. ती डबा विसरली असेल तर तेही कळे. गुरुप्रसाद जेवून बसला की उपाशी, ते विचारायचीसुद्धा गरज नव्हती. बर्फवाला माप मारतो हे मला मालकाच्या आधी कळलं होतं, पण मला विचारतो कोण? तर असा माझा हिशेब रोज संध्याकाळी चोख जुळत असे. एकच वजन सोडून.

मिठागरं संपतात तिथे रस्त्याकडेला एक उभा दगड आहे. त्याला शेंदूर नाही, घुमटी नाही. तो गावच्या राखणदाराचा. तो गावाच्या शिवेवरून फिरतो असं म्हणतात, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मीही घेत नाही. त्या दगडापाशी आलं की गुरुप्रसाद गाडी अगदी माणसाच्या चालीवर आणी, खिडकीतून हात काढून एक विडी दगडावर ठेवी आणि पुढे जाई. नऊ दातांच्या गाडीला हळू होणं जड जात नाही. आणि नेमकं तिथेच, मित्रांनो, माझ्यावर एक वजन चढे.

साधारण एका माणसाएवढं. पण माणूस बसला की हलतो. कूस बदलतो, खोकतो, पाय आखडतो. हे वजन बसलं की बसलं. मागे बर्फ असो वा नसो, ते पुढे, अगदी माझ्या डोक्यावर, बॉनेटवर बसल्यासारखं. पुढच्या गावच्या वेशीवर जुना आंबा आहे, तिथे ते उतरे. येताना पुन्हा तिथेच चढे आणि दगडापाशी उतरे. तिकीट नाही, बोलणं नाही. पहिले काही महिने मी हा हिशेब तपासत राहिलो. मग सोडून दिलं. काही आकडे जुळत नाहीत, तरी घर चालतं.

पण घर चालायला नवरा-बायकोचं पटावं लागतं. सुगंधाची तक्रार रास्त होती. नऊ दातांची गाडी सपाट रस्त्यावर वेगात नेली की इंजिन आरडायला लागे, डिझेल प्यायला लागे, आणि मागून रिक्षासुद्धा हॉर्न देऊन पुढे जाई. लॅबच्या मालकानं तिला दोनदा सुनावलं होतं. तिसऱ्यांदा घरीच बस म्हणेन, असंही म्हणाला होता.

"माजी माणसा रगत देवक उपाशी बसतत," ती केबिनमध्ये बसल्या बसल्या म्हणाली, "आणि तुजी गाडी बैलासारखी चलता."

"आणि होडी कोण ओढतलो? तुजी उपाशी माणसा?" गुरुप्रसाद म्हणाला.

हे भांडण पावसाळाभर चाललं. शेवटी सुगंधानं सावंतवाडीच्या एका गॅरेजवाल्याकडून माहिती काढली की दहा आणि सदतीस दातांचा जोड मिळू शकतो. गुरुप्रसादनं ऐकून घेतलं आणि तिसऱ्याच दाराशी गेला. आपल्याकडे माणसाला दोन वाटा दिसल्या की तो देवळाची धरतो. देवाला कौल लावायचं ठरलं.

मी देवळात नव्हतो, बाहेर वडाखाली उभा होतो, पण जाताना आणि येताना केबिनमधलं सगळं बोलणं माझ्यापर्यंत आलं. ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला उजवीकडे आणि डावीकडे चिकटवल्या. उजवी पडली तर जुने दात ठेवायचे, डावी पडली तर नवे घालायचे. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. या लेकरानं गाडीच्या दातांचा प्रश्न तुझ्या पायाशी आणलाय, महाराजा, त्याला वाट दाखव. जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. गाडीच्या दातांचा प्रश्न देवासमोर पहिल्यांदाच आला असावा, पण देवळात कुणी हसलं नाही.

आणि दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

गुरवानं दोन्ही पाकळ्या खालून उचलल्या म्हणे. मग म्हणाला, "देव बोलूक नाय अजून. उद्या न्हावन येवा, परत लावया."

गाडीत बसेपर्यंत गुरुप्रसादला मात्र अर्थ लागला होता. फायदा दिसत असला की माणसाला देवाचं बोलणं लवकर समजतं.

"देवान दोन्ही हातांनी दिल्यान गो," तो म्हणाला. "पुढे जुने दात ठेवया, मागे नवे घालूया. रस्त्यार मागची चाका ओढतत, तेव्हा तुजो वेग. रेतीत चारय चाका ओढतली, तेव्हा माजो जोर. तुजा पण झाला, माजा पण."

"गुरव तर उद्या ये म्हणालो."

"गुरवाक गाडी चलवक येता?"

सुगंधा खिडकीकडे सरकून बसली. मला तिचं वजन ठाऊक होतं, पण तिचं गप्प बसणं किती जड होतं ते त्या दिवशी प्रथम मोजलं. तरी खरं सांगायचं तर तिलाही वेग मिळणारच होता, म्हणून तिनं वाद वाढवला नाही. दोघांनीही आपापल्या सोयीची पाकळी उचलली आणि मधला गुरव सोडून दिला.

गॅरेजवाल्याकडे नवा जोड एकच होता, तेव्हा त्यालाही हा तोडगा पसंत पडला. रेती सैल असते, चाकं घसरून जुळवून घेतील, तो म्हणाला. माझ्या भावाला बाहेर काढलं. बारा वर्षं आम्ही एका गाडीत होतो, कधी भेटलो नव्हतो, पण एकमेकांची प्रत्येक फेरी ओळखत होतो. तो पत्र्यावर पडल्याचा आवाज मी ऐकला. त्याच्या जागी एक परका आला. दहा आणि सदतीस. अंगाला नवं तेल, आणि चालायची घाई.

रस्त्यावर गाडी सुरेख पळू लागली. मागची चाकं ओढत, मी पुढे नुसता फिरत. सुगंधा वेळेच्या आधी पोचू लागली, उपाशी माणसं लवकर सुटून चहा प्यायला जाऊ लागली, आणि लॅबचा मालक गोड बोलू लागला. सगळं छान. फक्त दगडापाशी गाडी आता हळू होत नसे. वेग लागलेला असला की माणसाला हात खिडकीबाहेर काढायचं सुचत नाही. पहिल्या दिवशी गुरुप्रसादनं मान लववली. दुसऱ्या आठवड्यात तेही राहिलं.

ते वजन मात्र चढतच राहिलं. गाडी भरधाव असली तरी त्याच जागी चढे. फरक एवढाच झाला की आता ते वेशीवर उतरेना. सावंतवाडीपर्यंत येई. बाजारात, भर गर्दीत, गाडी उभी असताना ते माझ्यावर बसून राही. परतीला घरापर्यंत येई. अंगणात उन्हात गाडी रिकामी उभी असे आणि माझ्यावर एका माणसाचं वजन.

गाडीचं नाक खाली झुकल्यासारखं दिसू लागलं, तेव्हा गुरुप्रसादनं स्प्रिंगा तपासून घेतल्या. काही सापडलं नाही. पुढचे टायर कडेनं झिजले, ते बदलले. सुगंधा एकदा म्हणाली, सकाळी बॉनेटवर हात ठेवला तर इंजिन गरम आणि पत्रा गार, असं कसं? गुरुप्रसाद म्हणाला, हिवाळा आहे. हिवाळा सरला, तरी पत्रा गारच राहिला.

मग मे महिन्याचा शेवट आला. पावसाच्या आधी होड्या वर घ्यायची घाई. त्या दिवशी, सुट्टीच्या वारी, सुगंधाचे वडील गंगाराम यांची होडी ओढायची होती. सासऱ्याची होडी, म्हणून गुरुप्रसादनं तिला मान दिला होता आणि ती शेवटी ठेवली होती. मान देण्याच्या या पद्धतीमुळे ऊन उतरायला लागलं आणि भरती सुरू झाली.

सांगाडा पाण्यात नेला, होडी त्यावर चढली, पट्टा आवळला. गाडीचं तोंड माडांकडे. गुरुप्रसादनं खटका ओढून चारही चाकं जुंपली आणि क्लच सोडला.

मित्रांनो, त्या क्षणी मला प्रथम कळलं की आमच्या गाडीत दोन गाड्या होत्या. मागचा परका पाच फेरे मारी, तेव्हा माझे चार होत. मी त्याला ओढून धरी, तो मला ढकली. एरवी कोरड्या सैल रेतीत चाकं घसरून भागत आलं होतं, पण ही भरतीची ओली, घट्ट रेती. चाकं घसरेनात. दोघांमधला दांडा पिळवटू लागला, जसा ओला कपडा दोन बायका दोन टोकांनी पिळतात. गाडी एक हात पुढे गेली, थरथरली आणि मागच्या चाकांवर खाली बसली. पुन्हा जोर लावला. आणखी खाली बसली.

पाणी माझ्या झाकणापर्यंत आलं. वरच्या बारीक छिद्रातून समुद्र आत आला. थंड, खारट. माझं तेल दुधासारखं झालं.

गुरुप्रसादनं मागचीच चाकं ठेवायला खटका परत ढकलला. खटका हलेना. पिळवटलेल्या दांड्यानं तो धरून ठेवला होता. दोन्ही हातांनी ओढला, लाथ मारली. नाही. मागे गंगाराम कमरेएवढ्या पाण्यात होडीला धरून उभे. जावई धीर सोडत नाही तोवर सासरा होडी सोडणार नाही, आणि सासरा होडी सोडत नाही तोवर जावई धीर सोडणार नाही. असा तो मान-मरातबाचा पेच. आणि ज्या एका गाडीवर दोन कामं आणि एक घर उभं होतं, ती लाटेलाटेनं खचत होती.

तेव्हा सुगंधा पाण्यात उतरली.

"होडीक पाण्याची भीती कसली?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बुडतली ती गाडी. बाबा, पट्टो सोडा."

दोन्ही पुरुषांना हे सुचलं नव्हतं. गंगारामांनी पट्टा सोडला. होडी जन्मभर जे करत आली तेच तिनं केलं, तरंगली. ते तिच्यात चढले, चार हात मागे सरकले आणि नांगर टाकून बसले. सुगंधानं सांगाड्याची पिन उपसली, तो लाटेनं आडवा झाला.

मग ती वळून गाडीसमोर आली. पाणी तिच्या मांड्यांना लागत होतं. ती बॉनेटकडे पाहत उभी राहिली. काचेकडे नाही, काचेमागच्या नवऱ्याकडे नाही. बॉनेटकडे.

"उतर आता," ती म्हणाली. "खूप फिरलंस."

गुरुप्रसाद केबिनमधून उतरला. आणि त्याच वेळी, मित्रांनो, माझ्यावरचं वजनही उतरलं. एकदम दोन माणसांएवढं हलकं झालं. एकाचा हिशेब मला लागतो.

सुगंधानं त्या बाजूला पदर सावरून थोडी वाट दिली, जशी समोरून कुणी जात असताना देतात. मग ती स्टिअरिंगवर जाऊन बसली. गाडी तिला येत होती, पण गुरुप्रसादनं रस्त्यावर कधी चालवू दिली नव्हती. तिनं गियर टाकला. मागचा.

"मागे घेतंस?" गुरुप्रसाद दारापाशी येऊन म्हणाला. "मागे दर्या आसा."

"शीर गावली नाय तर सुई आधी मागे घेवची लागता," ती म्हणाली. "आत जोर लावन भोसकुची नाय."

आणि तिनं गाडी समुद्राकडे घेतली.

हातभरच. पण त्या हातभरात पिळलेला दांडा उलगडू लागला. साठलेला सगळा ताण माझ्या दातांवरून परत फिरला. मला कळलं की आता कुणीतरी मोडायला हवं. परका नवा होता, घाईचा होता, तो मोडणार नव्हता. नऊपैकी दोन दात मी दिले. एक बारीक टणत्कार झाला, खटका सुटला, आणि माझी ओढ संपली. आता एकटा परका ओढत होता, तोही जोर नसलेला. पण मागे होडी नव्हती आणि पुढे वजन नव्हतं. किनाऱ्यावरची माणसं धावत आली, त्यांनी जुना ताल धरला, आणि गाडी रेतीतून वर आली. होडी रात्रीच्या ओहोटीला नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, जुन्या रीतीनं, वीस माणसांनी वर घेतली.

गॅरेजमध्ये माझं झाकण उघडलं तेव्हा तेलाबरोबर रेती आणि एक शिंपला बाहेर आला. शिंपला आत कुठून गेला, यावर तिथे बरीच चर्चा झाली. त्या छिद्रातून तो जाणं शक्य नव्हतं. 

या वेळी कौल लावला नाही. त्या दोघांनी गॅरेजच्या बाकावर बसून, मधे चहाचे ग्लास ठेवून ठरवलं. पुढे आणि मागे सारखेच दात. दहा आणि एक्केचाळीस. म्हणजे तिला हवा तेवढा वेग नाही आणि त्याला हवा तेवढा जोर नाही. ती थोडी लवकर उठते, त्याबद्दल कुरकुरते. तो मोठ्या होड्या घेत नाही, त्याबद्दल कुरकुरतो. कुरकुरीचं वजन दोन्ही बाजूंना सारखं असलं की समजावं, काटा बरोबर आहे. दगडापाशी गाडी चालीवर येते. विडी कधी तो ठेवतो, कधी ती. सोमवारी आणि गुरुवारी गाडी ती चालवते. मोडका मी मात्र तेव्हाच गाडीतून निघून तुमच्या व्हरांड्यात आलो, आणि ही खबर मला इथे टांगल्या टांगल्या ऐकू येते.

मित्रांनो, मी लोखंड, मला शहाणपण शिकवायचा अधिकार नाही. पण दोन दात देऊन जे कळलं ते फुकट ठेवू नका. यंत्राचं तेल वेळेवर पाहा. वाटेत कुणाला थांबून मान द्यायचा असेल तर वेग लागण्याआधी द्या. एका गाडीला बांधलेल्यांना दोन वेगांनी चालवू नका, ती गाडी लोखंडाची असो की घराची. आणि देवाला खुशाल प्रश्न विचारा. पण त्यानं दोन्ही पाकळ्या एकदम पाडल्या, तर त्याचा अर्थ घाईनं लावू नका. घरी या आणि एकमेकांना विचारा.